सरांचा चाकू मी घासला

सर गेले तेव्हा मी त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो नाही. कचेरीत काम आहे, अंगात कणकण आहे, असं काहीबाही मी स्वतःलाच सांगत राहिलो. हैदराबादेत तारनाक्याहून काचीगुडा म्हणजे काही परमुलूख नव्हे, बसनं फार तर अर्धा तास. तरी दीड वर्ष निघून गेलं. आणि शेवटी एका शनिवारी गेलो, तेव्हाही काकूंना भेटायला गेलो नव्हतो. सरांचा चाकू बघायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

मला घडीचे चाकू जमवायचा नाद आहे. खिशात मावणारे, नखानं पातं बाहेर काढायचं आणि काम झालं की मिटून ठेवायचं, असे. 'चाकू जमवतो' म्हटलं की लोक जरा मागं सरकतात. पण माझ्याकडचे सगळे गरीब चाकू आहेत. कुणी फळं चिरायला घेतलेला, कुणी आंब्याची कलमं बांधायला, कुणा कारकुनानं पाकिटं फोडायला. माशाच्या आकाराच्या पितळी मुठीचा एक आहे, चंदनी मुठीचा एक आहे, एकाच्या पाठीत बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री काटा आहे. एकूण त्रेचाळीस. पलंगाखालच्या दोन सपाट डब्यांत, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेले असतात. बायको म्हणते, "घरात त्रेचाळीस चाकू, आणि मला टोमॅटो चिरायला एक धड सुरी नाही." ते खरं आहे. तिला मी त्यांतल्या एकालाही हात लावू देत नाही.

नुसतं जमवून भागत नाही, त्यांचे फोटो काढावे लागतात. ते फोटो जगभरातल्या माझ्यासारख्याच माणसांच्या एका गटात मोबाईलवर टाकायचे आणि कोण काय म्हणतं ते दिवसभर बघत बसायचं. आमच्या गॅलरीत सकाळी नऊ ते दहा उन्हाचा कवडसा येत नाही, नुसता उजेड येतो. तिथं शहाबादी फरशीचा एक फुटका तुकडा मांडून त्यावर मी चाकू ठेवतो. एका बाजूला पांढरा थर्माकोल, म्हणजे सावली मऊ पडते. पोलादाचा फोटो काढणं अवघड असतं. पातं आरशासारखं असलं तर त्यात मोबाईल दिसतो, आपला हात दिसतो, कधी आपलंच नाक दिसतं. म्हणून समोर काळा कागद धरावा लागतो. अर्धं उघडलेलं पातं, त्याची मुठीवर पडलेली सावली, नखासाठी कोरलेली ती इवलीशी खाच, हे सगळं एका चौकटीत नीट बसलं की मला जे वाटतं ते सांगता येणार नाही. पोट भरल्यासारखं वाटतं.

हा नाद लागला तो सरांमुळं. सुलतान बाजाराजवळच्या आमच्या मराठी शाळेत ते चित्रकला शिकवायचे. माझे वडील बीदरकडची शेती भावांवर सोपवून हैदराबादेत नोकरीला आलेले. शेजारी तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, आणि शाळेत मराठी अशी आमची खिचडी होती. सरांचं मराठी मात्र स्वच्छ. तास सुरू झाला की ते खुर्चीवर बसायचे, खिशातून चाकू काढायचे आणि म्हणायचे, "आणा." आम्ही रांग लावायचो. ते प्रत्येकाची पेन्सिल तासून द्यायचे. यंत्रातून काढलेलं टोक त्यांना चालायचं नाही. लांब, निमुळतं, बोटाच्या एका पेराएवढं शिसं बाहेर काढायचे. लाकडाची साल कागदावर पडायची आणि पात्यावर शिशाची काळी भुकटी चढायची. ते पातं मांडीवरच्या रुमालाला पुसून ते चाकू मिटायचे. 'टक्' असा आवाज यायचा. तो आवाज ऐकायला मी पेन्सिलीचं टोक मुद्दाम मोडून परत रांगेत उभा राहायचो. सरांना ते कळायचं. एकदा म्हणाले, "पेन्सिल खातोस का रे?" पण तासून दिली.

तर तो शनिवार. काचीगुड्याच्या स्टेशनामागच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काकू एकट्या राहतात. मुलगी पुण्याला. खिडकी उघडी असली की स्टेशनातल्या गाड्यांच्या घोषणा तीन भाषांत घरात येतात. काकूंनी दार उघडलं, मला ओळखायला क्षणभर लागलं, मग म्हणाल्या, "ये की. किती दिवसांनी." उशीर का झाला, असं विचारलं नाही. मी सरांच्या फोटोला नमस्कार केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. चहा झाला. आणि मी, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत, विचारलं, "काकू, सरांचा तो चाकू आहे का हो?"

"आहे की," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातून घेऊन आल्या. देव्हाऱ्यातून नव्हे की कपाटातून नव्हे, चमच्यांच्या डब्यातून.

हातात घेतला आणि माझा जीव हरखला. काळ्या शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, साध्या पोलादाचं एकच पातं. न गंजणारं स्टील नव्हे, त्याआधीचं, लिंबू-आवळ्यानं काळं पडणारं. ते तर काळंच होतं. नुसतं काळं नव्हे, कुठं निळसर, कुठं तपकिरी, कुठं ढगासारखे डाग. टोकाजवळ धारेला एक बारीक खाच पडली होती. पण पातं निम्मंच बाहेर यायचं आणि अडकायचं.

"हे होते तेव्हा रोज दुपारी जाम चिरायचे," काकू म्हणाल्या. पेरूला आमच्याकडं जामच म्हणतात. "अर्धा मला, अर्धा त्यांना. आता मी एकटीच चिरते. पण गेल्या पावसाळ्यापासून उघडतच नाही मेला. माझ्या बोटांत जोर नाही. तुला कळतं ना यातलं? जरा तेलबिल घालून दे."

"देतो की," मी म्हणालो. "शिवाय फोटोही काढून देतो."

"फोटो कशाला? नुसता उघडू दे."

त्यांनी मागितलं होतं ते एवढंच. ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

सोमवारी कचेरी सुटल्यावर मी चाकू घेऊन सुलतान बाजारात गेलो. तिथं कापडाच्या दुकानांमागच्या बोळात एक म्हातारे चाचा बसतात. शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावणं हा त्यांचा धंदा. माझे चाकू ते बघतात, कधी ढिला झालेला खिळा ठोकून देतात. त्यांनी सरांचा चाकू उजेडात धरला, बिजागरीवर नख फिरवलं आणि विचारलं, "किनका है?"

"मेरे सर का. गुजर गए."

"खुल जाता. तेल डालो, दो दिन रखो, फिर डालो."

"काला भी निकालना है चाचा. और ये दाँता पड़ गया है, वो भी."

त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "कायकू?"

"फोटो के वास्ते."

"इसकू घिसो नक्को, साब," ते म्हणाले. "बुजुर्गाँ का है. मैं नै करता." आणि चाकू मिटून माझ्या हातात परत दिला. म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

आमच्या गटात 'आधी आणि नंतर' या फोटोंना फार मान असतो. डावीकडं गंजका, मळका चाकू. उजवीकडं तोच, लखलखीत. असे फोटो टाकणाऱ्यांच्या हाताचं कौतुक होतं. मी कधी टाकले नव्हते, कारण माझ्या त्रेचाळीसांतल्या कुठल्याही चाकूवर पॉलिशचा कागद फिरवायची माझी छाती झाली नव्हती. एकदा उडालेला काळेपणा परत येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. याच गटात नवशिक्यांना मी दहादा तसा उपदेश केला होता. स्वतःच्या चाकूंसाठी ठाऊक होतं, सरांच्या चाकूसाठी विसरलो. विसरलो म्हणणंही खोटंच. तो माझा नव्हता, म्हणून माझा हात धजला.

तेल घालून दोन दिवसांत चाकू उघडला होता. बुधवारी सकाळीच तो सुरेख उघडत-मिटत होता. तेव्हाच नेऊन द्यायला हवा होता. मी रविवारची वाट बघितली.

रविवारी सकाळी आधीचे फोटो काढले. चांगले अकरा काढले, सगळ्या बाजूंनी, कारण 'आधी' जितकं वाईट दिसेल तितकं 'नंतर' खुलतं. मग गॅलरीत बसून पाण्यात भिजवलेल्या बारीक कागदानं पातं घासायला लागलो. काळं पाणी फरशीवर उतरू लागलं. खाच काढायला दगडावर धार उतरवत गेलो, तेव्हा पातं ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढं झिजून अरुंद झालं. पितळावर पॉलिश फिरवलं. शिंगाच्या मुठीवरचा मळ काढून तेल चोळलं. बायको दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, कुणाचा आहे हा? त्यांना विचारलंत?"

"दुरुस्त करायलाच दिलाय," मी म्हणालो.

दुपारी बारापर्यंत चाकू नव्यासारखा झाला होता. पात्यात गॅलरीच्या जाळीचे चौकोन स्वच्छ दिसत होते. मी फोटो काढले आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून टाकले. खाली लिहिलं, 'माझ्या संग्रहातून.' बोटं आपोआप लिहून गेली, एवढंच आठवतं.

इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी उत्तरं देत होतो, आभार मानत होतो. एका माणसानं, तो कुठल्या देशाचा होता कोण जाणे, फक्त एवढंच लिहिलं होतं, की होता तसा चांगला होता. ते वाचून मला राग आला. मी त्याचं वाक्य पुसून टाकलं.

पुढच्या शनिवारी चाकू एका छोट्या मखमली पिशवीत घालून काकूंकडं गेलो. पिशवी मुद्दाम विकत घेतली होती. काकूंनी ती उघडली, चाकू तळहातावर घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो, अगदी आशेनं. त्यांनी पातं उघडलं. ते लोण्यासारखं उघडलं. मग त्यांनी अंगठ्याचं नख धारेवरून टोकाकडं हळूच नेलं आणि टोकाशी थांबवलं. परत मागून नेलं, परत थांबवलं. ती खाच शोधत होत्या, हे मला तेव्हा कळलं. चाकू नाकाशी नेऊन वास घेतला. मग मिटला.

"हा त्यांचा नाही," त्या म्हणाल्या.

मी पुढं वाकून चाकूकडं बघितलं.

"त्यांच्याला टोकाशी दाता होता. मुलगी चार महिन्यांची असताना दुधाच्या पावडरचा डबा उघडला होता त्यानं. मी ओरडलेसुद्धा, की टोक मोडेल." त्या माझ्याकडं बघत होत्या, पण डोळ्यांत राग नव्हता. उलट कसली तरी समजूत होती. "असू दे रे. तुला लहानपणापासून आवडायचा तो. हे सांगायचे, की एक पोरगा टोक मोडून परत रांगेत येतो. ठेव तुझ्याकडं. तुझ्याकडं नीट राहील."

"काकू..."

"तुझ्या सरांना चाललं असतं. फक्त मागितला असतास तर मीच दिला असता. त्याच्या बदली नवा आणायची गरज नव्हती." आणि त्यांनी तो चाकू, पिशवीत घालून, माझ्या हातात ठेवला. "हा घेऊन जा. नव्या चाकूचं मी काय करू? माझ्याकडं विळी आहे."

त्या क्षणी माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये ते अकरा फोटो होते. एक दाखवला असता तर पुरे होता. आधीचा हा, आणि हा आत्ताचा, शिंगावरची ही रेघ तीच बघा. मी चोर नाही, हे अर्ध्या मिनिटात सिद्ध झालं असतं. पण मग मी काय केलं तेही दिसलं असतं. आणि खरं सांगतो, मला चोर ठरणं सोपं वाटलं. चोरानं निदान चाकूवर प्रेम केलेलं असतं. काकूंच्या मनात तो चाकू अजून जसाच्या तसा होता, काळा, दाता पडलेला, माझ्या डब्यात. मी ते तसंच राहू दिलं. त्यांना नमस्कार केला आणि जिना उतरून खाली आलो. स्टेशनासमोर बसच्या थांब्यावर उभा राहिलो, तेव्हा दोन बस मी न चढताच जाऊ दिल्या.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "दिला?"

"त्यांनी मलाच ठेवायला सांगितला."

"हो?" ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता, पण तिनं पुढं काही विचारलं नाही.

चव्वेचाळिसावा चाकू. तो मी डब्यात ठेवला नाही. ठेववेना. पुस्तकांच्या मागं सरकवून ठेवला. त्यानंतरचे तीन-चार रविवार गॅलरीतला उजेड तसाच यायचा, आणि मी तिथं पेपर वाचत बसायचो. गटात माझा फोटो अजून फिरत होता. कुणीतरी विचारलं होतं, की हा चाकू तुम्हाला कुठं मिळाला. मी उत्तर दिलं नाही. कचेरीत एखादी फाईल उघडली की मधूनच काकूंचं ते नख दिसायचं, टोकाशी जाऊन थांबणारं. परत मागं येऊन परत थांबणारं.

एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, "तुम्ही त्यांच्याकडून चोरून आणलाय का तो?"

"नाही," मी म्हणालो. "त्याहून वाईट." आणि सगळं सांगितलं. चाचांचं, फोटोंचं, 'माझ्या संग्रहातून'चं, पुसून टाकलेल्या वाक्याचंही. ती ऐकत होती. ताटात भात तसाच होता.

"मग त्यांना तसंच वाटू देणार?"

"त्यांना त्यात बरं वाटतंय."

"त्यांना नाही," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तारनाक्याच्या एका स्टुडिओत मी त्या अकरा फोटोंच्या प्रती काढायला टाकल्या. मोठ्या, पोस्टकार्डाएवढ्या. दुकानदारानं विचारलं, "इतना पुराना चाकू, साब?" मी नुसतं हो म्हणालो.

शनिवारी काकूंनी दार उघडलं तेव्हा मी आत जाऊन बसलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "काकू, मी चाकू बदलला नाही. तोच आहे तो. मी घासला." आणि चाकू टेबलावर ठेवला, शेजारी फोटोंचं पाकीट ठेवलं.

त्या खुर्चीवर बसल्या. चष्मा शोधला, लावला. फोटो एकेक करून बघू लागल्या. घाई नाही. एक बघायचा, टेबलावर उपडा ठेवायचा, दुसरा घ्यायचा. पाचव्या की सहाव्या फोटोवर थांबल्या. त्यात पात्याचं टोक अगदी जवळून होतं. डाग, रेघा, आणि तो दाता. त्यांनी फोटोवरच्या त्या जागेवर नख टेकवलं. कागद गुळगुळीतच लागला असणार.

"म्हणजे हा तोच?" त्यांनी चाकूकडं न बघता विचारलं.

"हो."

"तू नेला नाहीस."

"नाही."

"तेलच घालायला सांगितलं होतं ना मी?"

"हो, काकू."

"मग कशाला घासलास?"

मी म्हणालो, "फोटो चांगला यावा म्हणून." याहून बरं काहीतरी सांगता येईल का, याचा मी येताना बसमध्ये विचार केला होता. सुचलं नव्हतं.

काकूंना मी आजवर कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. मागच्या खेपेला चोरी समजूनसुद्धा त्या चिडल्या नव्हत्या. आता त्यांचा चेहरा एकदम लालच झाला. "नेला असतास तर बरं झालं असतं!" त्या म्हणाल्या. "तुझ्या घरात का होईना, होता तसा राहिला असता की. महिनाभर मी तेच म्हणत होते, की जाऊ दे, आहे कुठं तरी. आता कुठं आहे तो? सांग ना, कुठं आहे?" त्यांनी चाकू उचलून माझ्यासमोर धरला. "चाळीस वर्षांचा होता तो काळा रंग. आमच्या दोघांचा होता. तू एका सकाळी पाण्यात सोडलास."

बाहेर कुठल्याशा गाडीची घोषणा चालली होती. आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. ती संपल्यावर मी हात जोडले. त्यांनी बघितलं नाही.

"आता तू जा," त्या म्हणाल्या. "फोटो ठेवून जा."

मी गेलो. एक सांगितलं पाहिजे, की त्या दिवशी मी पहिलीच बस पकडली.

त्याच संध्याकाळी गटात जे होतं ते लिहिलं. हा चाकू माझ्या संग्रहातला नाही. माझ्या गुरुजींचा होता, त्यांच्या पत्नीनं फक्त तेल घालायला दिला होता. मी त्यांना न विचारता घासला आणि त्यांची वस्तू नाहीशी केली. लोकांनी माझी समजूत घालायला सुरुवात केली. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, काम तर सुरेख झालंय, वगैरे. ज्याचं वाक्य मी पुसलं होतं त्याला मी वेगळा निरोप पाठवून माफी मागितली. त्यानं उत्तर दिलं नाही. ते मला योग्यच वाटलं.

महिन्याभरानं, सुट्टीत, काकूंची मुलगी पुण्याहून आली. तिचा फोन आला, आईनं बोलावलंय म्हणून. मी धास्तावूनच गेलो. मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आत गेल्या गेल्या म्हणाली, "दादा, काय मस्त केलाय हो तुम्ही बाबांचा चाकू! मी लहानपणी बघायचे तेव्हा नुसता काळाकुट्ट. हात लावायची किळस यायची. एकदम नवाच वाटतोय. थँक यू."

काकू समोरच बसल्या होत्या, मेथी निवडत. त्यांनी मान वर केली नाही. बोलणार नाहीत, हे मला कळलं. त्यांनी मुलीला काहीच सांगितलं नव्हतं. आता ते आभार घ्यायचे की नाही हे माझ्यावर होतं.

"आभार मानू नका," मी म्हणालो. "आईंनी फक्त तेल घालायला दिला होता. मी माझ्या हौसेपायी घासला. तो काळेपणा सरांच्या आणि आईंच्या हातचा होता. तुमच्या दुधाच्या डब्यावर त्याचा दाता पडला होता, तोही मी घासून काढला."

"अहो, त्यात काय एवढं," मुलगी म्हणाली. "चाकूच तर आहे."

तेव्हा काकूंनी मान वर केली. मुलीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. त्या नजरेत माफी नव्हती. पण त्या घरात काय गेलं हे कळणारी आम्ही दोनच माणसं आहोत, आणि त्यांतला एक मी, घालवणारा, एवढं त्यात होतं. ते मला फार जड गेलं. आभार सोसले असते त्याहून जड.

त्यानंतर मी काचीगुड्याला जायला लागलो, पंधरा दिवसांतून एकदा. कुणी सांगितलं नव्हतं. कधी गॅसचा नंबर लावायचा असतो, कधी बँकेचं काही, कधी नुसतंच बसायचं असतं. चाकू कुठं ठेवलाय, वापरतात का, हे मी कधी विचारलं नाही. गॅलरीत पुन्हा फोटो काढायला लागलोय, पण बहुतेक दुसऱ्यांच्या चाकूंचे. लोक आणतात, मी आहे तसे काढतो, धूळसुद्धा पुसत नाही, आणि फोटो त्यांना देऊन टाकतो. त्यानं काही भरून येतं असं नाही.

मागच्या खेपेला उठताना धीर करून विचारलं, "काकू, राग गेला का हो?"

त्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "जाईल असं वाटतही नाही. बस, आत्ताच काय घाई आहे तुला? चहा टाकते."

मी परत बसलो.